बाराशे मीटरची घोडी

चतुराबाईंची जीभ त्यांच्या पायांपेक्षा चपळ आहे, हे मोशीत सगळ्यांना ठाऊक होतं. ती त्यांच्या डोक्याच्याही पुढं पळते, हे मात्र भाच्याच्या लग्नात, जेवणाच्या मांडवात पहिल्यांदा उघड झालं.

पंगत उठत होती. व्याही हिंदुराव, म्हणजे सून विजयश्री हिचे वडील, हात धुता धुता पाच माणसांत मोठ्यानं म्हणाले, "इहीणबाई, चैत्राची जत्रा आली. आमची घोडी मागायला कवा येताय? आमची घोडी पुढं नसली तर तुमचा गाडा घाटात न्हाई, गॅरेजात शोभतो."

माणसं हसली. बोलणं खोटं नव्हतं, म्हणूनच हसली. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, चार बैलांच्या पुढं स्वार घेऊन घोडी पळते. घोडी पळाली की बैल पळतात, घोडी थांबली की बैल रवंथ करतात. चतुराबाईंच्या गोठ्यात बैल होते चार आणि घोडी एकही नाही. ती दर वर्षी व्याह्यांकडून यायची, आणि तिच्या पाठीवर बसून व्याह्यांचे उपकारही यायचे.

चतुराबाईंनी जिलबीचा तुकडा गिळला. "पाव्हणं, औंदा आमचा गाडा आमच्याच घोडीमागं पळंल आन घाटाचा राजा व्हईल. न्हाई झाला तर चारी बैल तुमच्या दावणीला आणून बांधीन!"

वाढप्याच्या हातातला डाव हवेत राहिला. परत येताना मुलगा नवनाथ गाडी चालवत होता. भोसरीच्या सिग्नलला म्हणाला, "आई, आन आपण जिंकलो तर ते काय देणार?"

चतुराबाईंनी काच खाली करून बाहेर पाहिलं. रागात माणूस आपलंच पणाला लावून मोकळं होतं. समोरच्याचं लावायचं राहूनच जातं. "सिग्नल सुटला," त्या म्हणाल्या. तो सुटला नव्हता.

आता ह्या बैलांचं सांगायला पाहिजे. कोर्टानं शर्यती बंद केल्या होत्या तेव्हा, साडेसात वर्षं, गावोगावच्या घाटांवर बाभळी उगवल्या. लोकांनी बैल विकले, गोठ्यांच्या जागी भाड्याच्या खोल्या बांधल्या. चतुराबाईंनीही खोल्या वाढवल्या, पण गोठा ठेवून. "शर्यत बंद झाली, बैलांची भूक बंद झाली का?" असं त्या विचारायच्या आणि कडबा टाकायला जायच्या. रायफल आणि चिमण्या तर बंदीतच जन्मले. घाट न बघता मोठे झाले. शंभू आणि बकुळ्या त्यांच्याहून जुने. मालक गेले तेव्हा बाईंनी चार दिवस अन्न घेतलं नाही, पण बैलांचा कडबा एक वेळही चुकवला नाही. असे बैल त्यांनी जिलबीच्या एका तुकड्यावर लावले होते.

जत्रेला अठरा दिवस. नवनाथनं खेडपासून मावळापर्यंत फोन फिरवले. सीझनमध्ये घोडी मिळणं म्हणजे लगीनसराईत आचारी मिळणं. शेवटी आला धम्मरत्न. त्याचे वडील धोंडीबा चाळीस वर्षांपूर्वी कंपनीत लागले तेव्हा चतुराबाईंच्याच खोलीत राहायचे. धम्मरत्न आता निगडीत स्वतःच्या फ्लॅटात राहतो आणि पुण्याच्या रेसकोर्सवर घोड्यांच्या डॉक्टरच्या हाताखाली काम करतो.

"आक्का, एक घोडी आहे," तो म्हणाला. "रिटायर झालीय. मालक फुकट देतात, घर चांगलं पाहिजे. कागदावर नाव मॉन्सून डचेस."

"रिटायर? पायात अधू हाय का?"

"पायात काही नाही. आठ वर्षांची झाली, एवढंच. तीन उन्हाळे उटीला पळलीय. इंग्रज साहेब उन्हाळ्यात डोंगरावर जायचे, तिथं करमेना म्हणून शर्यती सुरू केल्या. साहेब गेले, उन्हाळी शर्यती राहिल्या. आणि आक्का, खानदान म्हणाल तर तीनशे वर्षांचं लिहिलेलं आहे. अरबस्तानाकडून तीन घोडे विलायतेत गेले होते. आज जगात रेसचा जो घोडा पळतो तो बापाकडून त्या तिघांतल्याच कुणाचा तरी."

"तीनशे वर्षं?" चतुराबाई चमकल्या. "आमच्या भावकीला पणज्याच्या पुढं नाव सांगता येत न्हाई. आण बाबा. निदान एक तरी खानदानी जीव ह्या घरात येऊ दे." हे त्या सुनेच्या देखत म्हणाल्या. विजयश्री डबा भरत होती. तिनं झाकण नेहमीपेक्षा जरा जोरात लावलं.

घोडी आली ती बंद टेम्पोतून, पाय ठेवायला रबरी पायपुसणं, शेजारी पंखा. गल्ली पाण्याच्या टँकरनं अडवली होती. टँकर निघेपर्यंत अख्खी गल्ली बघायला आली. घोडी उतरली आणि गल्ली मागं सरकली. तांबूस रंग, आरशासारखी कातडी, आणि उंची अशी की चतुराबाईंना तिच्या पाठीपलीकडचा शेजार दिसेना. गोठ्यात शिरताना तिचं डोकं पत्र्याला लागलं. नवनाथचं चाकण रस्त्याला फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, म्हणून पत्रा तासाभरात कापून झाला. तेवढ्या भोकातून घोडी मान वर काढून उभी राहिली ती थेट शेजारच्या सोसायटीतल्या सुमनताईंच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीत. सुमनताई मूळच्या उदगीरच्या, स्वभावानं मोकळ्या. तुळशीची कुंडी अर्धी संपल्यावर त्यांच्या लक्षात आलं.

"अगं माय! आक्का, हे काय पाळलाव? उंट का काय?"

"घोडी हाय. हरणी नाव हाय तिचं," चतुराबाईंनी खालून जागच्या जागी बारसं उरकलं. डचेसबिचेस त्यांच्या गोठ्यात चालणार नव्हतं.

हरणीनं कडबा हुंगला आणि तोंड फिरवलं. भिजवलेले हरभरे हुंगले, तोंड फिरवलं. सुमनताई गॅलरीतून म्हणाल्या, "मोडाची मटकी द्या, आमच्याकडं तेच देतेत." मटकीलाही तोंड फिरवलं. दुसऱ्या दिवशी धम्मरत्ननं उलगडा केला: तबेल्यात घोडे सांभाळणारे सईस सकाळसंध्याकाळ रेडिओ लावायचे, गाण्यांशिवाय ती खात नाही. मग गोठ्यात रेडिओ आला. हरणी जेवली. बैलांना मात्र जाहिराती लागल्या की उचकी लागल्यासारखं व्हायचं. गाजरं, कोंडा, गूळ, मच्छर चावतात म्हणून पंखा. सत्तर वर्षांच्या आयुष्यात चतुराबाईंनी एवढी खातिरदारी ना कुणाची केली होती ना करवून घेतली होती.

आठव्या दिवशी नोटीस आली. सोसायटीतल्या कुणीतरी तक्रार केली होती: निवासी भागात विनापरवाना प्राणी. चतुराबाई स्वतः ऑफिसात गेल्या. खिडकीतल्या पोरानं संगणकात बघून सांगितलं, "आजी, परवाना ऑनलाइन आहे. पण यादीत कुत्रा आणि मांजर दोनच आहेत. घोडा सिस्टीम घेत नाही."

"मग त्या सिस्टीमला बाहेर बोलव. मी समजावते."

"सिस्टीम म्हणजे हे मशीन, आजी. असं करा, तूर्त मांजर टाकू. मग दुरुस्तीचा अर्ज द्या."

दुसरी पास झालेल्या बाईला सरकारी माणसाचं शहाणपण कळत नाही, हे चतुराबाईंनी नम्रपणे मान्य केलं. पावती घेऊन आल्या. रंग: तांबडा. लिंग: मादी. प्राणी: मांजर. तक्रार निकाली निघाली.

सरावाच्या दिवशी खरं संकट कळलं. घरामागच्या मोकळ्या प्लॉटवर गाडा जुंपला. हरणी पुढं उभी केली, दोर नवनाथच्या हातात. जमलेल्यांनी हाळी दिली, "भिर्रर्रर्र!" शिट्ट्या झाल्या. फटाके वाजले. हरणीनं सगळ्यांकडं असं पाहिलं, जणू पाव्हणे चुकून दुसऱ्याच घरात शिरलेत. जागची हलली नाही. बैल बसले.

"खानदानी हाय," चतुराबाई कोरड्या तोंडानं म्हणाल्या. "कुणी वराडलं म्हणून पळायची न्हाई." हिंदुरावांचा माणूस कुंपणाबाहेर उभा राहून मोबाईलवर शूटिंग घेत होता. संध्याकाळपर्यंत ते सगळ्या बैलगाडा ग्रुपवर फिरणार हे नक्की होतं.

तेवढ्यात सोसायटीच्या वॉचमननं टँकरसाठी लोखंडी गेट धाडकन उघडलं.

हरणी गेली. नुसती गेली. नवनाथ दहा पावलं दोराबरोबर, पुढची चार पोटावर, आणि मग दोर एकटाच. देहू-आळंदी रस्त्याला लागून, दोन रिक्षा आणि एक शाळेची बस मागं टाकून घोडी पेट्रोल पंपाशी पोचली आणि आपणहून थांबली. मोटरसायकलवरून पाठलाग करणाऱ्या धम्मरत्ननं अंतर मोजलं: एक किलोमीटर दोनशे मीटर.

"बाराशे मीटरची घोडी आहे, आक्का," तो धापा टाकत म्हणाला. "तेवढंच पळते. कमी नाही, जास्त नाही. आणि रेसकोर्सवर घोडे लोखंडी फाटकात उभे असतात. फाटक उघडलं की सुटायचं. तिला हाळी कुठली कळणार?"

चतुराबाईंनी नवनाथच्या सोललेल्या कोपरावर हळद दाबली. "लोखंडाचं काम कोण करतं ह्या घरात?"

"मी," नवनाथ कळवळला.

"मग फाटक कर."

दोन दिवसांत वर्कशॉपमधून चाकांवरचं फाटक आलं. दोन झडपा, स्प्रिंग, एक दोरी. दोरी ओढली की असा खणखणाट, की सुमनताईंच्या कुकरची शिट्टी ऐकू येईना. हरणी दर वेळी सुटू लागली. बैलही शिकले, आता सोसायटीचं गेट वाजलं की गोठ्यात चारी दावी ताणली जायची.

राहिला स्वार. घोडीवर बसणारी गावातली तीन पोरं येऊन गेली. एकानं वर पाहिलं आणि म्हणाला, "आक्का, ही घोडी न्हाई, दुमजली हाय." दुसरा चढला आणि दुसऱ्या बाजूनं उतरला. तिसऱ्याला आईनं परत बोलावलं. जत्रा चार दिवसांवर.

त्या सकाळी चतुराबाई चहा घेऊन मागं गेल्या आणि गोठ्याच्या दारात थबकल्या. विजयश्री तिसरी शिफ्ट करून नुकतीच आली होती. चाकणच्या कंपनीत ती क्वालिटीत आहे. अंगात कंपनीची पँट, पायात सेफ्टी शूज. हरणीचा कान खाजवत काहीतरी बोलत होती. मग तिनं आयाळ धरली, शंभूच्या गव्हाणीवर पाय दिला आणि खोगिराशिवाय वर जाऊन बसली. जशी काय खुर्चीत बसली. हरणी डोळे मिटून उभी.

चतुराबाईंना आठवलं, ही हिंदुरावांची लेक. घोडीच्या गोठ्यात वाढलेली. वयात आली तेव्हा बापानं खाली उतरवली आणि लग्नात दिली.

चौदा वर्षांत चतुराबाईंनी सुनेकडं काही मागितलं नव्हतं. पाणी हवं असलं तर त्या हवेत म्हणायच्या, "ह्या घरात पाणी मिळतं का?" आणि पाणी यायचं. आत्ताही त्यांनी पत्र्याकडं बघून सुरुवात केली. "ज्याला बसता येतं, त्यानं बसावं. घराची अब्रू हाय."

"पत्र्याला सांगताय का मला, आत्याबाई?" विजयश्री वरूनच म्हणाली.

चहा निवायला लागला. बैल बघत होते. व्याह्याच्या दारात जाऊन मागणं नको म्हणून एवढा सगळा खटाटोप केला, आणि शेवटी मागायचं त्याच घरच्या लेकीकडं! चतुराबाईंनी आवंढा गिळला. तो जिलबीपेक्षा मोठा होता.

"विजयश्री," त्या म्हणाल्या, आणि ते नाव आपल्या तोंडात किती कमी वेळा आलंय हे त्यांनाच ऐकू आलं. "माझी बैलं जातील गं. बसशील का?"

विजयश्री खाली वाकली. "चहा द्या आधी. थंड झाला तरी चालंल."

जत्रेच्या दिवशी चाकणच्या पलीकडच्या भैरवनाथाच्या घाटावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. कमिटीनं कागद तपासले. सरकारी डॉक्टरांच्या दाखल्यावर घोडी होती, पावतीवर मांजर होतं. कमिटीचे अध्यक्ष ज्योतीराम कागद उलटसुलट करत राहिले.

"दुरुस्ती अर्ज दिलाय," चतुराबाई म्हणाल्या. "सरकारनं घोडी म्हणेपर्यंत तुम्ही थांबणार का? बैल म्हातारे व्हतील."

तेवढ्यात हिंदुराव पुढं आले. डोक्याला फेटा, मिशीला पीळ. "अध्यक्ष, हरकत हाय. ही रेसची घोडी. शर्यतीत चालणार न्हाई."

"पाव्हणं, शर्यत बैलांची हाय. घोडी नुसती पुढं असती. वरातीत नवरदेवाच्या पुढं बँडवाले असतात, त्यांचं लगीन असतं का?"

घाट खदाखदा हसला. हिंदुरावांनी फाटकाकडं बोट केलं. "आन हे लोखंड?"

"अध्यक्ष, मला बारीक अक्षर वाचता येत न्हाई, म्हणून इचारते. तुमच्या नियमात काय काय नको लिवलंय, जरा मोठ्यानं वाचा."

ज्योतीरामांनी माईकवर वाचलं. काठी नको, चाबूक नको, बॅटरी नको, टोचणी नको.

"दार नको असं कुठं हाय?"

ज्योतीरामांनी पान उलटून पाहिलं. मागं कोरं होतं. "फाटक मंजूर," ते म्हणाले.

हिंदुराव आणखी काही बोलणार तोच त्यांना घोडीवरचा स्वार दिसला. पिवळं कंपनीचं हेल्मेट, सेफ्टी शूज, आणि हेल्मेटखाली त्यांच्याच घरचं नाक. बोलायला उघडलेलं तोंड तसंच घेऊन हिंदुराव आपल्या गाड्याकडं वळले.

एका बारीत एकच गाडा घड्याळावर पळतो, सगळ्यांत कमी वेळ लावील तो घाटाचा राजा. हिंदुरावांचा गाडा आधी पळाला. अकरा सेकंद बहात्तर. तोवरची सगळ्यांत भारी बारी. गुलाल उडाला, हिंदुराव खांद्यावर चढले. चतुराबाईंनी रायफलच्या पाठीवर हात ठेवला. कातडी थरथरत होती.

मग त्यांची बारी. नवनाथनं दोरी हातात घेतली, निशाण खाली आलं, आणि फाटक असं खणाणलं की माईकवरचा बोलायचा थांबला.

हरणी सुटली. तिच्या मागं चारी बैल एका अंगाचे झाल्यासारखे. चतुराबाईंना मातीचा लोट दिसला, त्यात पिवळं हेल्मेट दिसलं, आणि मग वरच्या रेषेवर निशाण पडलं. बैल माथ्यावर धरणाऱ्यांनी धरले. हरणी मात्र थांबली नाही. घाट होता चारशे फुटांचा. तिचा हिशोब बाराशे मीटरचा होता. टेकडीच्या माथ्यावरून ती आभाळात शिरल्यासारखी पलीकडं गेली, वर विजयश्री.

माईकवर ज्योतीराम ओरडत होते. घाट ओरडत होता. हलगी सुरू झाली. चतुराबाईंनी पाटीवरचे आकडे पाहिलेच नाहीत. चपला सोडून त्या चढ चढायला लागल्या होत्या. "पोरगी कुठाय? आरं, माझी पोरगी कुठाय?" त्यांच्या बाजूला कुणीतरी धापा टाकत तेच म्हणत होतं. पाहिलं तर हिंदुराव. फेटा सुटून गळ्यात आलेला.

"तुमच्यामुळं झालं हे," हिंदुराव म्हणाले.

"गप चढा," चतुराबाई म्हणाल्या.

दोघं माथ्यावर पोचले. पलीकडच्या उतारावरून विजयश्री चालत येत होती, हातात लगाम, मागं हरणी, दोघींच्या अंगावर मातीचा थर. हेल्मेट काखेत. दात पांढरेशुभ्र दिसत होते, म्हणजे हसत होती.

"किती झाले?" तिनं विचारलं.

सासूनं वडिलांकडं पाहिलं. वडिलांनी सासूकडं. दोघांपैकी एकानंही ऐकलं नव्हतं.

"अकरा सेकंद एकोणसत्तर!" खालून नवनाथ बोंबलत येत होता. "आई, तीन पॉइंटनं! घाटाचा राजा! आई!"

चतुराबाईंनी कमरेवर हात ठेवले. हिंदुरावांसाठी अठरा दिवस जमवून ठेवलेली सतरा वाक्यं त्यांच्या जिभेच्या टोकाला येऊन उभी राहिली. हिंदुरावांनीही ती ओळखली आणि मान खाली घातली.

"आधी घोडीला पाणी," विजयश्री म्हणाली, आणि सतरा वाक्यं तिथंच राहिली.

मांडवात मानाचा फेटा घेऊन ज्योतीराम उभे होते. रीत अशी की फेटा गाडामालकाला बांधायचा. ज्योतीरामांनी माईकवर चतुराबाईंचं नाव पुकारलं. चतुराबाई पुढं गेल्या, फेट्याचं कापड बोटांनी चाचपलं, चांगलं आहे अशी मान हलवली.

"सुनेला बांधा," त्या म्हणाल्या. "मला डोक्यावर पदर हाय. आन नाव नीट लिवा. विजयश्री. आडनाव दोन्हीकडचं लिवलं तरी चालंल, पाव्हण्यांना तेवढाच आधार."

हिंदुराव माईकशिवायही ऐकू येईल इतक्या जोरात हसले. डोळे मात्र त्यांनी सुटलेल्या फेट्याच्या टोकानं पुसले.

घाटापासून हमरस्त्यापर्यंतची वाट दीड किलोमीटरची, एका गाडीपुरती, दोन्ही बाजूंना कांद्याची शेतं. पुढं हलगीवाले, मग अनवाणी चतुराबाई, मग हरणीवर फेटा बांधलेली विजयश्री, मग गुलालानं लाल झालेले चार बैल. त्यांच्या मागं हिंदुरावांचा ट्रक, त्यात त्यांचे बैल, त्यांची घोडी आणि ते स्वतः. त्यांनी एकदा हॉर्न वाजवून पाहिला. चतुराबाईंनी वळून पाहिलं नाही. ओव्हरटेक करायला जागाच नव्हती, आणि त्या संध्याकाळी चतुराबाई फार, फार हळू चालत होत्या.